वणवा आणि विझविणारे

'वणवा' हा शब्द मराठी भाषेने जितका राबविला आहे, तितका दुसरा एखादा शब्द क्वचितच राबविला असेल. वैशाखाचा वणवा असतो, भुकेचा वणवा असतो, असंतोषाचा वणवा देशभर पसरतो, विरहिणीच्या अंगी वणवा लागतो, आणि गावातली कुटाळकीही वणव्यासारखीच फैलावते. ह्या सर्व ठिकाणी वणवा पेटतो, भडकतो, पसरतो. तो कोणी विझवीत असल्याचे मात्र ऐकू येत नाही. आग विझविण्याचा उल्लेख आपल्या म्हणींत आहे, पण तो 'आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी' असा, केवळ उपहासापुरता. आग लावणाऱ्यास भाषेने 'आगलाव्या' असे खणखणीत नाव देऊन ठेवले आहे. विझविणाऱ्यास तसे घरचे नाव नाही. 'अग्निशामक' हा शब्द शहरातील बंबाबरोबर आला आणि बंबाप्रमाणेच तोही डोंगर चढत नाही. ही उणीव शब्दकोशाची की वाङ्मयाची, ह्याचा विचार करण्याचे आमच्या मनाने एका प्रसंगी घेतले. तो प्रसंग प्रथम सांगतो.

बीडहून दक्षिणेस निघालेला रस्ता बालाघाटाचा चढ चढून मांजरसुंब्यास येतो व तेथे त्यास फाटे फुटतात. एक पाटोद्याकडे जातो, एक चौसाळ्यावरून सोलापूरकडे, आणि एक नेकनूर-केजवरून अंबाजोगाईकडे. अंबाजोगाईस मुकुंदराजांची समाधी आहे. मांजरसुंब्याजवळच कपिलधारेस 'परमरहस्य'कार मन्मथस्वामींची आहे. मराठी ग्रंथरचनेच्या फार जुन्या वाटा ज्या डोंगरांतून गेल्या, तेच हे डोंगर. पावसाळ्यात ते हिरवे दिसतात. माघ सरला की कुसळी गवत वाळून सगळा उतार पिवळाधमक होतो, आणि मग एक ठिणगी पुरे होते. कोणी बांध जाळतो व ती आग वर सरकते. कोणी विडीचे थोटूक टाकतो. जुने गवत जाळले म्हणजे नवे जोमाने येते, अशा समजुतीने कोणी मुद्दामच काडी लावतो.

एका फाल्गुनात सायंकाळी आम्ही त्या फाट्यावर अंबाजोगाईच्या गाडीची वाट पाहत उभे होतो. समोरच्या डोंगरावर आगीची एक वाकडी रेघ लागलेली होती. अंधार पडू लागला तशी ती अधिक उजळ झाली. सोबतच्या स्नेह्यास आम्ही म्हणालो, "काय शोभा आहे पाहा! कोणी दिव्यांची माळच घातली आहे डोंगराच्या गळ्यात." शेजारी चहाच्या टपरीवर एक प्रौढ गृहस्थ घागरीत पाणी भरून घेत होते. त्यांचा चेहरा काजळलेला होता आणि पायाशी कडुनिंबाची एक डहाळी पडली होती. तिची पाने करपून गेली होती. त्यांनी मान वर करून म्हटले, "लांबून शोभाच दिसती, साहेब. जवळ गेलं की छातीत धूर जातोय."

आम्ही विचारले, "वर किती जण आहेत, मामा?"

"चौघं हाईत. पाचवा मी. प्यायला पाणी न्यायला आलोय."

एवढ्यात गाडी आली आणि आम्ही चढलो. ते पाच जण कोण, खात्याचे की गावचे, त्यांना रात्रभर काय करावे लागले, हे विचारायचे राहून गेले. तिसऱ्या दिवशी परतताना पाहिले तो निम्मा डोंगर काळा होता आणि निम्मा पिवळा. ज्या रेषेवर काळे संपून पिवळे सुरू होत होते, ती रेषा निसर्गाने आखलेली नव्हती. त्या पाच माणसांचा ग्रंथ तो एवढाच, आणि तोही पहिल्या पावसाबरोबर पुसला जाणार होता. आम्हांला त्या सायंकाळी उपमा सुचली, प्रश्न सुचला नाही; आणि ही चूक आमच्या एकट्याची नसून आमच्या वाचनाने आम्हांस लावलेल्या सवयीची आहे, असे आम्हांस वाटू लागले.

ही सवय तपासण्यापूर्वी ते काम काय आहे हे थोडक्यात सांगितले पाहिजे. कारण ज्या कामाचे स्वरूप ठाऊक नाही, त्याचे वाङ्मय का नाही, हेही कळणार नाही. महाराष्ट्रात वणव्याचा हंगाम १५ फेब्रुवारीपासून १५ जूनपर्यंत मानतात. त्यापूर्वी वनखाते 'जाळरेषा' काढते, म्हणजे ठरावीक रुंदीचा पट्टा आपणच कापून व जाळून मोकळा करते, अशासाठी की पुढे येणाऱ्या आगीस खाण्यास काही मिळू नये. आग लागली की वनरक्षक, कायम वनमजूर आणि हंगामापुरते लावलेले रोजंदारीचे लोक धावतात. अलीकडे वाऱ्याच्या झोताने पाला उडविणारी 'ब्लोअर' यंत्रे पुष्कळ ठिकाणी आली आहेत. परंतु हिरवी डहाळी हे जुने हत्यार अद्याप सुटलेले नाही. डोंगरावर पाणी मारण्याचा प्रश्नच नसतो. जे नेले जाते ते पिण्यापुरते.

डहाळी आपटायची नसते. आपटली की ठिणग्या उडून पाठीमागे दुसरी आग लागते. ती ज्वाळेवर दाबून जळलेल्या बाजूकडे ओढायची असते. आगीच्या तोंडासमोर उभे राहायचे नाही. शेपटाकडून सुरुवात करून दोन्ही कुशींनी तिला आवळत न्यायचे. पाय शक्य तेथवर काळ्या जमिनीवर ठेवायचा, कारण जे एकदा जळले ते पुन्हा जळत नाही. आग चढावर फार वेगाने धावते, कारण ज्वाळा वरच्या गवताकडे झुकून त्यास आधीच तापवितात. म्हणून जळत्या उतारावर आगीच्या वरच्या अंगास सापडणे हे सर्वांत मोठे संकट. रात्री हवा गार व दमट होते, वारा पडतो, आणि आग बसू लागते; म्हणून हे काम बहुधा संध्याकाळपासून पहाटेपर्यंत चालते. ज्वाळा दिसेनाशा झाल्या म्हणजे काम संपत नाही. धुमसणारे खोड, शेणाची वाळकी गोवरी, पोकळ बुंधा ही एकेक हाताने चाचपून मातीखाली घालावी लागतात. नाही तर दुसऱ्या दिवशी दुपारचा वारा त्यांतूनच नवी आग काढतो.

आता वाङ्मयाकडे वळू. आपल्या पूर्वसूरींनी वणवा पाहिला नव्हता असे नाही. कालिदासाच्या नावावर असलेल्या 'ऋतुसंहारा'च्या पहिल्याच सर्गात ग्रीष्मातला दावाग्नी आहे. त्यात तापलेले साप, हत्ती, सिंह आहेत. वैर विसरून एकत्र आलेली जनावरे आहेत. मनुष्य मात्र पाहणारा आहे, आणि तोही आपल्या प्रियेस ते दृश्य दाखविणारा! मांजरसुंब्याच्या फाट्यावर आम्ही उभे होतो ती जागा हीच. भागवताच्या दशम स्कंधात वणवा दोनदा येतो आणि दोन्ही वेळा श्रीकृष्ण तो पिऊन टाकतो. भक्तीच्या दृष्टीने हे योग्यच आहे. परंतु वाङ्मयाच्या दृष्टीने त्याचा परिणाम असा झाला की, आग विझविणे हे एका घोटाचे काम ठरले, आणि गोपांकडे डोळे मिटण्यापलीकडे काही उरले नाही.

महाभारताची गोष्ट मात्र निराळी आहे, आणि आमच्या मते ती नीट वाचली गेलेली नाही. खांडववनाचे दहन सर्वांस ठाऊक आहे. मुक्तेश्वर-मोरोपंतांच्या वाणीतून महाभारत मराठी घराघरांत गेले आणि अर्जुनाच्या बाणांनी अडविलेला इंद्राचा पाऊस आपण लहानपणापासून डोळ्यांसमोर आणीत आलो. पण आदिपर्वातील त्याच प्रकरणात, अर्जुन येण्यापूर्वीची एक हकीकत आहे. श्वेतकि राजाच्या दीर्घ यज्ञात तूप खाऊन अग्नीस अजीर्ण झाले. त्यावर उतारा म्हणून तो खांडववन खाण्यास गेला. तेव्हा त्या वनात राहणाऱ्यांनीच त्यास विझविले. हत्तींनी सोंडांतून पाणी आणून ओतले, अनेक फणांच्या नागांनी मस्तकांनी पाणी उडविले. आणि असे एकदा नव्हे, सात वेळा झाले. सात वेळा अग्नी पेटला आणि सात वेळा वनवासी प्राण्यांनी तो शांत केला.

ह्या सात विजयांना व्यासांनी थोडे श्लोक दिले. आठव्या वेळी जी आग विझली नाही, तिच्यासाठी अध्यायच्या अध्याय दिले. ह्यात व्यासांचा दोष आहे असे म्हणण्याचे धाष्टर्य आम्ही करीत नाही. कथेचा स्वभावच असा आहे. विझलेली आग ही न घडलेली गोष्ट असते, आणि न घडलेल्या गोष्टीची कथा सांगणे फार कठीण. आजच्या काळीही हेच दिसते. डेहराडूनच्या भारतीय वन सर्वेक्षण संस्थेकडून उपग्रहाने टिपलेल्या आगींच्या सूचना आता वनरक्षकाच्या मोबाइलवर येतात. सुमारे ३७५ मीटरांच्या चौकोनागणिक आग शोधण्याची त्या साधनाची शक्ती आहे. तरी जी आग लागता लागताच डहाळीने दाबली गेली, तिची नोंद आकाशातून होण्याचा संभव फार थोडा. उपग्रहाची आणि महाकवीची अडचण येथे एकच आहे.

परंतु एवढ्यावर समाधान मानावे काय? मराठी वाङ्मयाने न घडणाऱ्या, रोज तेच ते असणाऱ्या श्रमाला वाणी दिली नाही असे नाही. दळणासारखे नीरस काम दुसरे कोणते असेल? पण जात्यावरच्या ओवीने त्यातून एका अख्ख्या स्त्रीजातीचे अंतःकरण बोलके केले. मोटेवर गाणी आहेत, नांगरावर आहेत, पेरणीवर आहेत. वणवा विझविण्यावर आम्हांस तरी एकही गाणे कधी ऐकू आले नाही. ह्याचे कारण आम्हांस असे वाटते की, इतर श्रमांत तोंड मोकळे असते; ह्या श्रमात ते पदराने किंवा पंच्याने बांधलेले असते. धुरात गाता येत नाही. शिवाय त्या हाताला ताल नाही. ज्वाळा जिकडे उठेल तिकडे तो फिरतो. ज्या कामास स्वतःचे गाणे उपजले नाही, त्याच्यासाठी लिहिणाऱ्याने अधिक कान दिला पाहिजे होता. तेवढा कान आपण दिला नाही.

मराठीत वनवाङ्मयाची परंपरा आहे आणि ती थोर आहे. व्यंकटेश माडगूळकरांनी 'नागझिरा' ह्या नावाचेच पुस्तक लिहून विदर्भातील एक वन मराठी वाचकाच्या घरात आणून ठेवले. मारुती चितमपल्ली तर आयुष्यभर वनखात्यात राहिले. पक्ष्यांची, झाडांची, वनाच्या चालीरीतींची शेकडो नावे त्यांनी आदिवासींच्या तोंडून गोळा करून भाषेस दिली. २०२५ साली ते निवर्तले तेव्हा मराठीचा एक शब्दकोशच मिटला असे अनेकांस वाटले. ह्या ग्रंथांचे आमच्यावरील ऋण मोठे आहे. तथापि एकंदर परंपरेकडे पाहता तिचे प्रेम पशुपक्ष्यांवर आणि एकांतावर आहे. रात्रपाळीने डोंगर विझविणारा रोजंदारीचा मजूर त्या चित्राच्या कडेला राहिला आहे. वन ही आपण मनाच्या विश्रांतीची जागा मानली. ती कोणाच्या तरी कामाची जागा आहे, हे दुय्यम ठरले. कायद्याने ह्या माणसाचा विचार साहित्याच्या आधी केला. १९२७ च्या भारतीय वन अधिनियमाच्या ७९व्या कलमात, वनात हक्क भोगणाऱ्यांनी आणि लगतच्या गावातील सरकारी नोकरांनी आग विझविण्यास मदत केलीच पाहिजे, असे बंधन घातलेले आहे. बंधन घातले गेले. ते पाळणाऱ्याचे चित्र काढावयाचे राहिले.

असे चित्र काढता येते काय, ह्या प्रश्नास एक परभाषेतील ग्रंथ उत्तर देतो. अमेरिकेतील माँटाना प्रांतात मान गल्च नावाच्या दरीत ५ ऑगस्ट १९४९ रोजी विमानातून उडी टाकून आग विझविणाऱ्यांची एक तुकडी उतरली. खालून आग उलटली आणि गवताच्या चढावर त्यांच्या मागे लागली. सोळांपैकी तेरा जण दगावले. त्यांचा नायक वॅग्नर डॉज ह्याने पळता पळता थांबून समोरच्या गवतास स्वतः काडी लावली आणि त्या जळलेल्या राखेत तो पालथा पडला. आग त्याच्या दोन्ही बाजूंनी निघून गेली. त्याने हाका मारल्या, पण सोबत्यांपैकी कोणीही त्या राखेत शिरले नाही. दोघे तरुण कड्यातील फटीतून निसटले. बाकीचे चढावर पडले. नॉर्मन मॅक्लीन ह्या निवृत्त प्राध्यापकाने सत्तरी उलटल्यावर ह्या घटनेचा ध्यास घेतला, वाचलेल्या दोघांना घेऊन तो त्या दरीत पुन्हा चढला, आगीचे गणित करणाऱ्या शास्त्रज्ञांकडे गेला. आणि ग्रंथ पुरा होण्यापूर्वी १९९० साली वारला. 'यंग मेन अँड फायर' हा त्याचा ग्रंथ १९९२ साली प्रसिद्ध झाला.

ह्या ग्रंथाचा मोठा गुण हा की, त्यात उपमेच्या आधी मोजमाप येते. चढ किती होता, गवत केवढे होते, वारा कोठून वाहत होता, कोणता मनुष्य कोठे पडला, हे तो वृद्ध लेखक पायांनी मोजतो. आणि मोजून झाल्यावरच तो शोक करतो. त्यामुळे त्याचा शोक खरा वाटतो. डॉजने आपल्याच माणसांसमोर आग का लावली, हे त्या मुलांना त्या क्षणी का कळले नाही, हा प्रश्न त्याने सोपा होऊ दिलेला नाही. मृतांना त्याने मूर्ख ठरविले नाही आणि देवही केले नाही.

दोषही सांगितला पाहिजे. मॅक्लीनची दृष्टी तारुण्याच्या आणि दुःखान्त नाटकाच्या मोहातून पूर्ण सुटत नाही. त्याचे वीर आकाशातून उतरतात, जवान असतात आणि एका दुपारी मरतात. ज्या तुकड्या पायी चालत गेल्या, रात्रभर राबल्या आणि सकाळी घरी परतल्या, त्यांच्यासाठी त्याच्या रचनेत जागा नाही. म्हणजे आठव्या आगीचे महाकाव्य त्याने उत्तम लिहिले. आधीच्या सात तेथेही सुटल्याच. तरी त्या मृत्यूंच्या चौकशीतून त्या देशाने पुष्कळ शिकून घेतले. १९५७ साली तेथे आग विझविणाऱ्यांसाठी दहा नियम ठरविले गेले, त्यांस मान गल्चसारख्या आपत्तींचाच आधार होता. नीट लिहिलेली हकीकत माणसे वाचविते, हे वाङ्मयाच्या उपयुक्ततेवर शंका घेणाऱ्यांनी लक्षात ठेवावे.

आता आपल्या घरचे पाहू. माडगूळकरांनी ज्या नागझिऱ्याचे नाव मराठीत अजरामर केले, त्याच वनात ८ एप्रिल २०२१ रोजी वणवा विझविताना तीन हंगामी मजूर मृत्यू पावले आणि दोघे गंभीर भाजले. वर्तमानपत्रांत बातमी आली. 'होरपळून' हे क्रियाविशेषण आले, मदतीचा आकडा आला, आणि चार दिवसांनी दुसरी बातमी आली. त्या दिवशी ते कोणत्या चढावर होते, वारा केव्हा फिरला, परतीची वाट कोणती ठरली होती, ठरली होती की नाही, त्यांच्या हातात काय होते व पायांत काय होते, हे सांगणारा मराठी ग्रंथ आमच्या पाहण्यात नाही. चौकशीचे कागद निराळे आणि ग्रंथ निराळा. मॅक्लीनच्या ग्रंथास घटनेनंतर ४३ वर्षे लागली. आपण तितकी वाट पाहू नये. जे सोबती परतले ते आज हयात असतील. त्यांची भाषा झाडीपट्टीची आहे, मराठीच आहे. दुभाष्याचीही गरज नाही.

कोणी म्हणेल, हे काम वार्ताहराचे आहे, साहित्यिकाचे नव्हे. आमचे म्हणणे उलट आहे. बातमी आगीमागे धावते आणि आगीबरोबरच विझते. जी रात्र काहीही न घडता गेली, तिच्यात काय घडले, हे सांगण्याची कला साहित्याचीच. दुसरा आक्षेप असा की, अशा लेखनाने श्रमाचे कौतुक होते, पण रोजंदारी वाढत नाही. हे खरे आहे. परंतु ज्याचे कामच कोणास दिसत नाही, त्याच्या पायांत बूट आहेत की वहाणा, हे कोण विचारणार? दिसणे ही पहिली पायरी आहे, आणि दाखविणे हा लेखकाचा धर्म आहे.

ह्याच बीड जिल्ह्यातील एक गोष्ट सांगून हा लेख पुरा करतो. फेब्रुवारी २०२० मध्ये बीडजवळ पालवण येथील सह्याद्री देवराईत वृक्षसंमेलन भरले. त्याचे अध्यक्षपद एका वडाच्या झाडास दिले होते, ही कल्पना आम्हांस फार गोड वाटली. मराठीत संमेलने पुष्कळ होतात, पण भाषण न करणारा अध्यक्ष विरळा! पुढे थोड्याच दिवसांत त्याच देवराईत आग लागली आणि कष्टाने वाढविलेली कित्येक झाडे करपली. अध्यक्षांचे नाव आजही सर्वांस सांगता येते. त्या आगीस ज्यांनी डहाळ्यांनी झोडून थांबविले, त्यांतले एखादे तरी नाव आमच्या कोणा स्नेह्यास सांगता येईल काय, म्हणून आम्ही चार ठिकाणी विचारून पाहिले, आले नाही.

पुढच्या फाल्गुनात आम्हांस पुन्हा अंबाजोगाईस जावयाचे आहे. मांजरसुंब्यास गाडी बदलावी लागेल. ह्या वेळी पहिली गाडी सोडावी आणि टपरीवर त्या गृहस्थांची चौकशी करावी असे योजिले आहे. भेटले तर प्रथम नाव विचारू. मग त्या रात्री वरच्या चौघांपर्यंत पाणी केव्हा पोहोचले, ते विचारू.